मुंबई बंदराचं एक टोक वऱ्हाडात आहे, तेही यादीत घ्या

प्रति,
मुंबई बंदराचा, रेल्वेचा आणि राज्यातल्या जुन्या वास्तूंचा वारसा जपण्याचं काम ज्यांच्या टेबलावर आहे ते सर्व अधिकारी, समित्यांचे सदस्य आणि आमचे लोकप्रतिनिधी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला. जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी दाबून बांधायच्या कारखान्यात, फिटर म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. वडीलही प्रेसमध्येच होते. समुद्र मी पाहिला तो नोकरीला लागल्यावर, पण बंदराच्या गोष्टी लहानपणापासून घरात चालायच्या: कोणत्या प्रेसच्या मार्क्याला मुंबईत भाव चढा मिळाला, कोणाचा माल शिवडीच्या गोदामात पडून राहिला, कोणाच्या गाठीत ओल निघाली.

पत्र लिहायचं कारण असं. आमच्या भागातली एक जुनी प्रेस बरीच वर्षं बंद आहे, ती आता भंगारात निघते आहे. मालकाला मी दोष देत नाही. जागा त्यांची, कर ते भरतात, दर पावसाळ्यात छपराचे पत्रे उडतात ते तेच गोळा करतात. सौदा करायला आलेला भंगारवाला प्रेसच्या खांबावर थाप मारून त्यांना म्हणाला, "हे लोखंड इंग्लंडचं हाये शेठजी, याले भाव हाये." त्या यंत्राची किंमत ओळखणारा एवढा एकच माणूस आजवर तिथे पोचला. मी संबंधित कार्यालयात अर्ज दिला. प्रेस वाचवा असंही त्यात म्हटलं नव्हतं. तोडण्याआधी निदान मोजमाप घ्या, नकाशा काढा, फोटो घ्या, एवढंच. उत्तर आलं की सदर बांधकाम वारसा यादीत नाही, सबब कार्यवाहीचा प्रश्न उद्भवत नाही. यादीत का नाही, आणि घालायचं असेल तर कोणी घालायचं, यावर चकार शब्द नाही.

खासगीत अर्ज करून भागत नाही असं दिसतं, म्हणून हे जाहीर.

बंदराचा वारसा म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे मुंबईच्या गोद्या येतात. यायलाच हव्यात. मुंबईच्या समुद्राला मोठ्या भरतीच्या दिवसांत पाणी चार मीटरच्याही वर चढतं आणि तेवढंच उतरतं. जहाज धक्क्याला लावून ठेवलं तर ओहोटीला ते गाळात बसायचं. म्हणून जहाजं दूर खोल पाण्यात नांगर टाकायची आणि माल होड्यांतून न्यावा-आणावा लागायचा. यावर उपाय म्हणजे दारं असलेली गोदी. भरतीला दारं उघडायची, जहाज आत घ्यायचं, दारं लावून घ्यायची. बाहेरचा समुद्र उतरला तरी आतलं पाणी तिथल्या तिथे. मुंबईत अशी पहिली गोदी १८७५ ची, ससून डॉक. मग पोर्ट ट्रस्टनं बांधलेली प्रिन्सेस डॉक १८८० ची, अभियंते थॉमस ऑर्मिस्टन. तिचं खोदकाम चालू असताना खाली बुडालेल्या जंगलाचे बुंधे सापडले होते. १८८८ ला व्हिक्टोरिया डॉक, १९१४ ला अलेक्झांड्रा डॉक, जिला आज इंदिरा डॉक म्हणतात. काळ्या दगडाची ही बांधकामं बघून मी फिटर माणूस असूनही गवंड्यांना हात जोडले होते.

आता दुसऱ्या बाजूच्या तारखा बघा. वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला १८५३ ला. अमेरिकेत यादवी पेटली १८६१ मध्ये, ती १८६५ पर्यंत चालली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला. मुंबईत पैशाचा पाऊस पडला तो याच काळात. कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंत थळ घाटात १ : ३७ चा चढ चढवून रेल्वे वर आली १८६५ ला. ती नागपूरला पोचली १८६७ ला. कापसासाठी वेगळा कमिशनर नेमला होता, रिव्हेट-कार्नॅक नावाचा, त्याचं काम मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कापूस. जलंबपासून खामगावपर्यंतचा जेमतेम १३ किलोमीटरचा फाटा सुरू झाला १८७० मध्ये, आणि त्या एवढ्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला. बडनेऱ्याहून अमरावतीचा फाटा १८७१ चा.

म्हणजे खामगावच्या कापूस बाजारात रूळ आले तेव्हा मुंबईत एकही दारांची गोदी नव्हती. आधी इकडची टोकं जोडली गेली, मग तिकडे धक्के बांधले गेले. सुएझचा कालवा १८६९ ला उघडला आणि समुद्रावरचा रस्ता आखूड झाला, तेही कारण आहेच. पण माल नसता तर कालव्यातून गेलं काय असतं? बंदर ही नुसती किनाऱ्यावरची इमारत नव्हे. माल जिथून निघतो तिथपासून जहाजाच्या पोटापर्यंत सगळं एकाच कामाचे भाग आहेत, आणि त्यातला अर्धाअधिक भाग आमच्या पाच-सहा जिल्ह्यांत आहे. तुम्ही समुद्राकडचा भाग वारसा म्हणून लिहिता आणि आमच्याकडचा भंगार म्हणून सोडता. माझी तक्रार एवढीच आहे, बाकी सगळा तिचा तपशील.

तो तपशील मात्र नीट सांगतो, कारण तो सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत.

सरकी काढलेली रुई म्हणजे निव्वळ हवा. पोतंभर रुई उचलायला लहान पोरही पुरतं, पण जागा खाते ती घरभर. जहाजाचं भाडं अशा मालाला जागेवर लागायचं. सैल रुई लंडन-लिव्हरपूलला नेणं म्हणजे हवेचं भाडं भरणं. रेल्वेच्या आधी कापूस बैलांवर आणि बंड्यांवर लादून, सैल बोऱ्यांत भरून घाट उतरायचा. वाटेत धूळ, पाऊस आणि चोरी. घट्ट गाठ बांधायच्या मोठ्या प्रेसा तेव्हा मुंबईत असायच्या. किनाऱ्यावर भराव घालणाऱ्या एका बड्या कंपनीचं नावच एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी होतं. तिची जागा सरकारनं १८७० मध्ये विकत घेतली आणि त्यातून १८७३ ला पोर्ट ट्रस्ट उभा राहिला. रेल्वे आल्यावर प्रेसा कापसाच्या मागे इकडे सरकल्या. खामगाव, अकोला, अमरावती, कारंजा, यवतमाळ, दारव्हा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी. गाठ इथेच बांधायची, वॅगनमध्ये घालायची, ती थेट मुंबईत उतरायची.

प्रेस चालायची पाण्यावर. हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. १७९५ मध्ये जोसेफ ब्रामा नावाच्या इंग्रज कारागिरानं या युक्तीचं पेटंट घेतलं. बंद नळीतल्या पाण्यावर एका टोकाला दाब दिला की तो सगळीकडे सारखा जातो. पंपाचा दट्ट्या एक चौरस इंचाचा आणि प्रेसचा रॅम, म्हणजे गाठ दाबणारा मोठा दट्ट्या, दोनशे चौरस इंचाचा असला, तर इकडे एक मण जोर लावला की तिकडे दोनशे मण मिळतो. फुकट काही नाही, पंपाला तेवढे जास्त हेलपाटे पडतात. आमच्याकडे दोन मजली प्रेस-घर असायचं. वरच्या मजल्यावरून रुई लोखंडी पेटीत ओतायची, माणसं पेटीत उतरून पायानं तुडवायची. मग खड्ड्यातून रॅम वर यायचा. जाड लोखंडी खांब दाबाखाली आवाज करायचे आणि त्या आवाजावरून आमचे जुने प्रेसमन सांगायचे की आता थांबव. पेटीची दारं उघडली की माणसाच्या उंचीची रुई गुडघ्याएवढी झालेली. तिच्यावर तरट, तरटावर लोखंडी पट्ट्या, पट्ट्यांना पक्की कडी, आणि रॅम खाली. सोडल्यावर गाठ थोडी फुगते आणि पट्ट्या ताणून बसतात.

रॅमच्या गळ्याशी पाणी गळू नये म्हणून चामड्याचा कप-वॉशर असतो. तो आम्ही हातानं करायचो. जाड चामडं भिजवायचं, लाकडी साच्यात दाबून ठेवायचं, वाळलं की कडा कोयत्यानं तासायच्या आणि गरम तेलात मुरवायचं. दाब जितका वाढेल तितकी ती कड सिलिंडरला चिकटते, म्हणजे गळती रोखायला दाबच कामी येतो. एवढी सुंदर युक्ती मी दुसऱ्या कोणत्या यंत्रात पाहिली नाही. तो साचा अजून त्या प्रेसच्या भांडार-खोलीत आहे. लाकडाचा आहे, म्हणून भंगारवाल्याच्या यादीत नाही. चुलीत जाईल.

आता हे मुंबईशी जोडून बघा. प्रिन्सेस डॉकच्या धक्क्यावर माल उचलणाऱ्या क्रेन पाण्याच्याच दाबावर चालायच्या. इंग्लंडमध्ये आर्मस्ट्राँगनं ही पद्धत गोद्यांसाठी बसवून दिली होती: भलंमोठं वजन वर उचलून ठेवायचं, त्याच्या भारानं नळ्यांतलं पाणी सदा दाबाखाली राहतं, क्रेनवाल्यानं नुसती झडप उघडायची. आमच्याकडे पाण्याच्या दाबानं गाठ घट्ट झाली, तिकडे पाण्याच्या दाबानं ती जहाजात चढली. एकच शास्त्र, एकाच काळातलं, एकाच मालासाठी. मुंबईच्या क्रेनचा फोटो पुस्तकात छापायचा आणि दारव्ह्याच्या प्रेसला 'सदर बांधकाम' म्हणायचं, यातला न्याय मला कोणी समजावून सांगावा.

अजून एक गोष्ट. १९२५ साली जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा आला. त्यानं प्रत्येक गाठीवर त्या प्रेसचा ठरलेला मार्का आणि अनुक्रमांक घालणं सक्तीचं केलं. कापसात सरकी, कचरा, पाणी घालून फसवणूक व्हायची, तिला आळा म्हणून. म्हणजे मुंबईत गाठ फोडल्यावर माल खोटा निघाला तर मार्का बघून प्रेस सापडायची, आणि रजिस्टर बघून तारीख. मुंबईत तो माल उतरायचा शिवडीला, कॉटन ग्रीनच्या गोदामांत. त्याआधी बाजार कुलाब्याला होता, त्याच्याही आधी फोर्टात टाऊन हॉलसमोरच्या मैदानावर. कॉटन ग्रीन नावाचं लोकल स्टेशन आजही हार्बर मार्गावर आहे आणि रोज हजारो लोक तिथे चढतात-उतरतात. तिथल्या गोदामात आलेल्या गाठीवरचा नंबर आमच्या गावातल्या एका मुनीमजींच्या वहीत लिहिलेला असायचा. ती वही कुठे आहे? आमच्या प्रेसमधल्या वह्यांचा एक गठ्ठा मी रद्दीवाल्याच्या काट्यावर चढताना पाहिला. किलोचा भाव लागला. थोड्या वह्या मी मागून घेतल्या, त्या माझ्याकडे ट्रंकेत आहेत, त्यांना वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालतो. सरकारी पुराभिलेखाचं काम एका निवृत्त फिटरनं पाला घालून करावं, अशी वेळ येऊ द्यायला नको होती.

खंडीचं उदाहरण घ्या. कापसाच्या बाजारात रुईचा भाव आजही खंडीवर बोलला जातो, खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो. हा आकडा आला कुठून? मुंबईची जुनी खंडी ७८४ पौंडांची, आणि त्या वेळची गाठ ३९२ पौंडांची. दोन गाठी म्हणजे एक खंडी. गाठ आज १७० किलोची झाली, पौंडाचा काळ संपला, पण खंडी तिथेच आहे. रोज सकाळी मोबाइलवर भाव बघणाऱ्या आमच्या शेतकऱ्याला हे माहीत नाही, कारण ते त्याला दाखवेल असं एकही ठिकाण विदर्भात नाही.

आता शकुंतला, आमच्याकडची छोटी रेल्वे. तिच्याबद्दल पेपरात पुष्कळ येतं, बहुतेक वेळा गाण्यातल्या गाडीसारखं. मी तिच्याकडे यंत्र म्हणून बघतो. मूर्तिजापूरहून एक फाटा कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला, दुसरा दर्यापूर-अंजनगाववरून अचलपूरला, मिळून सुमारे १९० किलोमीटर. रुळांतलं अंतर अडीच फूट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही लाइन टाकली ती मुख्य मार्गापर्यंत कापूस आणून सोडायला. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची मालकी, किलिक निक्सन या कंपनीचा कारभार. पुलगाव-आर्वी हीसुद्धा त्याच घरची. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या, पण ही लाइन खासगी मालकीचीच राहिली आणि भारतीय रेल्वे ती चालवण्याचे पैसे कंपनीला मोजत राहिली. १९२१ चं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन, मँचेस्टरला घडलेलं, ते १९९४ पर्यंत चाललं, मग डिझेल आलं. अडीच फुटी लाइन टाकण्यामागेही हिशेब होता: वळणं तीव्र घेता येतात, पूल हलके चालतात, माती कमी टाकावी लागते, कापसासारख्या हलक्या मालाला तेवढं पुरतं. मूर्तिजापूरला गाठी छोट्या वॅगनमधून उतरवून मोठ्या वॅगनमध्ये चढवायच्या. या उतरवण्या-चढवण्यावर मूर्तिजापूरची कित्येक घरं जगली.

आज गाडी बंद आहे. रुळांवर बाभळी वाढल्या, स्टेशनांची दारं-खिडक्या गेल्या. ब्रॉडगेज करायची घोषणा होऊनही वर्षं झाली. आम्हाला ब्रॉडगेज हवीच आहे, यात गैरसमज नको. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावर २०२४ मध्ये कळंबपर्यंत गाडी आली तेव्हा आम्हीही आनंद मानला. पण नव्या रुळांसाठी जुने पूल तोडताना त्यांचं मोजमाप कोण घेणार? सिग्नलचे दांडे, काटा बदलायचे लिव्हर, पाण्याच्या टाक्या, वजनाचे काटे कोणाच्या ताब्यात जाणार? 'रेल्वे हवी की वारसा' असा प्रश्न कोणी आम्हाला विचारू नये. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ मध्ये जागतिक वारसा झालं, तिथे रोज लाखो लोक गाडीत बसतात. तिथे दोन्ही जमतं, मग मूर्तिजापूरला का जमू नये?

तक्रारी आणखीही आहेत, थोडक्यात सांगतो. यादी करणारी माणसं राजवाडे, मंदिरं आणि शहरातल्या इमारती बघतात. चिमणी आणि पत्र्याची शेड दिसली की पुढे जातात. वास्तूचं वय बघतात, आतलं यंत्र बघत नाहीत. नागपूरला १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल गेली, तिच्या जागेवर मॉल आहे. नाव मात्र त्या मॉलला दिलं, तेवढी कृपा. आणि आमच्याकडे काम जाणणारी माणसं आता हाताच्या बोटांवर उरली आहेत. त्यांच्यापैकी एकाचीही मुलाखत कोणी घेतलेली मला माहीत नाही.

मुंबईनं तरी सगळं जपलं का? प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया, दोन्ही गोद्या भराव टाकून बुजवल्या, वर कंटेनर ठेवायला जागा केली. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, बंदराला बंदराचं काम करावंच लागतं. पण याच व्हिक्टोरिया डॉकमध्ये १४ एप्रिल १९४४ ला फोर्ट स्टिकिन हे जहाज फुटलं. त्याच्या पोटात दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकत्र होत्या. (गाठी कराचीला चढवलेल्या होत्या, आमच्या नव्हत्या.) दाबलेल्या गाठीत ठिणगी शिरली तर वरून काही दिसत नाही, ती आतल्या आत धुमसते, हे आमच्या प्रेसमधला कोणताही हमाल सांगेल. आमच्याकडे बिडी पिणाऱ्याला गेटबाहेर काढायचे ते याच भीतीनं. देशभर अग्निशमन सेवा दिन त्या तारखेला पाळतात, आणि ज्या पाण्यात ते घडलं ते पाणीच आता नाही. मुंबईला एवढं गमावल्यावर शहाणपण आलं असेल, तर ते आमच्याकडचं सगळं संपायच्या आधी वापरा.

गावातच मला ऐकवलेल्या दोन गोष्टींना उत्तर देतो, म्हणजे तुम्हाला तीच उत्तरं म्हणून वापरता येणार नाहीत.

एक: "इथे शेतकरी गळफास घेतो, आणि तुले लोखंडाची पडली?" असं मला माझ्याच चुलतभावानं विचारलं. त्याच्या घरचं दुःख मला माहीत आहे, म्हणून त्याला उलटून बोललो नाही. पण कापसाचा भाव आमच्या हातात कधीच का नव्हता, हे समजायचं असेल तर हेच लोखंड बघावं लागतं. १८७० मध्ये समुद्राखालून तार आली, आणि लिव्हरपूलचा भाव खामगावच्या बाजारात काही तासांत कळू लागला. कळायला लागला व्यापाऱ्याला. बंडी घेऊन आलेल्या कास्तकाराला तो कळायचा तेव्हा त्याची बंडी रिकामी झालेली असायची. ही यंत्रणा कशी बांधली होती ते पोरांना दाखवा, आजच्या बाजाराबद्दल ती आपोआप प्रश्न विचारतील.

दोन: हे सगळं इंग्रजांनी लुटीसाठी केलं, त्याचं कौतुक कशाला? लुटीसाठीच केलं. त्याबद्दल वाद नाही. पण पेटीत उतरून रुई तुडवणारे पाय इंग्रजांचे नव्हते. जिनवर बसून दिवसभर कापूस लावणाऱ्या बाया आमच्या होत्या, तंतूंनी त्यांची छाती भरून यायची. दगड घडवणारे, रूळ टाकणारे, खड्ड्यात उतरून रॅम बसवणारे आमचे होते. इंग्रजांचं कौतुक करा असं मी म्हणत नाही. केलेल्या कामाची नोंद ठेवा म्हणतो.

मागण्या साध्या आहेत.

विदर्भातल्या कापूस जिल्ह्यांतल्या जुन्या जिन-प्रेसा, त्यांची यंत्रं आणि इमारती यांची एकदा पाहणी करा. गावोगाव फिरून, नुसत्या पत्रव्यवहारानं नव्हे. यवतमाळ, अमरावती, पुसदला अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. त्यांच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना मोजमाप आणि ड्रॉइंगचं काम प्रकल्प म्हणून द्या. खर्च लागेल तो एसटीचा आणि डब्याचा. आम्ही जुने लोक सोबत फिरू, मानधन नको.

पाहणी होईपर्यंत, निदान सहा महिने, अशा यंत्रांचं भंगार थांबवायची तरतूद करा. मालकाचं नुकसान होत असेल तर त्याला भंगाराची किंमत द्या, ती रक्कम तुमच्या एखाद्या उद्घाटनाच्या मांडवापेक्षा जास्त होणार नाही.

एक प्रेस, फक्त एक, तिच्या मूळ पायावर चालू स्थितीत ठेवा. उचलून मुंबईला किंवा नागपूरला नेऊ नका. खड्ड्यातून रॅम वर येताना दिसला नाही तर ती प्रेस नाही, लोखंडाचा खांब आहे. वाफेवर चालवायची गरज नाही, पंपाला विजेची मोटर चालेल. वर्षातून हंगामाचे चार महिने आठवड्याला एकदा गाठ बांधून दाखवा, शाळांच्या सहली आपोआप येतील.

शकुंतलेच्या मार्गावरचं एक स्टेशन यार्डासकट, एखादा पूल आणि किलोमीटरभर अडीच फुटी रूळ ठेवा. कोणतं स्टेशन ते तज्ज्ञांनी ठरवावं. मला विचाराल तर मूर्तिजापूर, कारण छोटी आणि मोठी लाइन तिथे शेजारी-शेजारी बघायला मिळते. पण दारव्ह्याचं मोतीबाग घेतलंत तर मी तक्रार करणार नाही, हे उघडच आहे.

प्रेसांची रजिस्टरं, मार्क्यांच्या नोंदी, मजुरीच्या वह्या जिथे मिळतील तिथून स्कॅन करून घ्या. माझ्याकडच्या उद्या घेऊन जा.

आणि मुंबईत जिथे जिथे बंदराचा इतिहास भिंतीवर लावाल, तिथे नकाशा समुद्राकडून सुरू होऊन बोरीबंदरला संपू नये. तो खामगाव, कारंजा, दारव्हा, अचलपूर, आर्वीपर्यंत काढा. याला तर पैसेही लागत नाहीत.

या पत्राची प्रत आमच्या आमदार-खासदारांना, जिल्हा परिषदेला आणि तालुक्यातल्या शाळांना देत आहे. उत्तर 'यादीत नाही' असं येणार असेल, तर ते पाठवताना यादीत घेण्याचा अर्ज कोणत्या नमुन्यात आणि कोणाच्या नावे करायचा तेही त्याच कागदावर लिहा. अर्ज मी करतो.

भंगाराचा सौदा ठरला आहे, इसारही दिला गेला आहे. पोळा झाल्यावर गॅस-कटर लावणार असं व्यापारी सांगतो. तुमच्यापैकी कोणाला यायचं असेल तर त्याच्या आत या. दारव्हा बस स्टँडवर उतरून जुन्या प्रेसचा रस्ता कोणालाही विचारा. गेटला कुलूप असतं, पण किल्ली समोरच्या पानठेल्यावर ठेवलेली असते. येताना बॅटरी आणा, खड्ड्यात उजेड नाही, आणि जोडे जुने घाला, तिथे तेल आहे.

आपला,
एक निवृत्त जिन-प्रेस फिटर
तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ